डायलिसिसची खुर्ची, टोचलेली सुई आणि 'निगेटिव्ह' रिपोर्ट

सूक्ष्मजीव (धागाकर्ती)

किडनीविकाराच्या धाग्यावर एकाने वैतागून विचारलं होतं, "डायलिसिसवाले दर काही महिन्यांनी एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी पुन्हा तपासायला लावतात. एकदा निगेटिव्ह आलं ना? मग हे बिल वाढवायचे धंदे कशाला?" उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी मिरजेच्या आसपास एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात आहे.

बिल वाढवायचे धंदे जगात असतात, पण ही तपासणी त्यातली नव्हे.

डायलिसिसच्या पेशंटचं रक्त आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास शरीराबाहेर नळ्यांतून फिरतं. शेजारी दुसरी खुर्ची, पलीकडे तिसरी. एकच टेक्निशियन एकाची सुई काढतो, दुसऱ्याच्या मशीनचा अलार्म बंद करतो, तिसऱ्याला हेपॅरिन (रक्त गोठू नये म्हणूनचं औषध) देतो. हिपॅटायटीस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो, तेही डोळ्यांना डाग दिसत नसताना. मशीनचं बटण, ट्रॉलीची कड, चिमटा, बीपीचा पट्टा, कुठेही. त्यामुळे मार्चमधला निगेटिव्ह रिपोर्ट मार्चपुरताच.

आता खरी गोम. आपण ज्याला 'तपासणी' म्हणतो ती दोन जातींची असते. हिपॅटायटीस बीसाठी एचबीएसएजी करतात, त्यात विषाणूच्या अंगावरचं प्रथिनच शोधलं जातं. हिपॅटायटीस सीसाठी बहुतेक ठिकाणी अँटी-एचसीव्ही करतात, त्यात विषाणू शोधत नाहीत. आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शोधतात. घरात चोर शिरला का, हे कुत्रं भुंकलं का यावरून ठरवण्यासारखं. धडधाकट माणसातही हे भुंकणं सुरू व्हायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात. डायलिसिसवरचा, किडनी बदललेला, केमो चालू असलेला पेशंट असेल तर कुत्रंच आजारी. ते महिनोन्‌महिने गप्प राहू शकतं, कधी भुंकतच नाही. रिपोर्टवर मात्र 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' छापून येतं आणि सगळे निर्धास्त.

त्यात भर म्हणजे डायलिसिसच्या पेशंटांत यकृताची एन्झाइम्स मुळातच कमी असतात. एसजीपीटी 'नॉर्मल'च्या चौकटीत बसतं, डोळे पिवळे होत नाहीत, थकवा तर रोजचाच. शंका येणार कशावरून? म्हणून अशा रुग्णांत विषाणूचं जनुकीय द्रव्य थेट शोधणारी पीसीआर किंवा नॅट चाचणी लागते. संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांतच ती हिपॅटायटीस सी पकडते. महाग आहे, दर वेळी सगळ्यांची करता येत नाही हे मान्य. पण एसजीपीटी नेहमीच्यापेक्षा जरा जरी सरकलं, किंवा युनिटमध्ये एक जरी नवा पॉझिटिव्ह निघाला, तर अँटिबॉडीच्या कार्डावर, म्हणजे झटपट चाचणीवर, विसंबू नये.

दुसरी बाजू कर्मचाऱ्यांची. दूषित सुई टोचल्यावर संसर्गाची शक्यता पुस्तकांत दिलेली असते : एचआयव्ही सुमारे ०.३ टक्के, हिपॅटायटीस सी १.८ टक्के (अलीकडच्या पाहण्यांत त्याहून बरीच कमी), आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटीस बी ६ ते ३० टक्के. सगळे घाबरतात एचआयव्हीला. आणि ज्याची भीती सगळ्यांत जास्त हवी, त्याचीच लस उपलब्ध आहे! २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी ती सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि कचरा हाताळणाऱ्यांना देणं रुग्णालयांवर बंधनकारकही केलंय. रजिस्टरमध्ये तीन डोसांच्या तारखा असतात. पण ती लस *लागली* का, म्हणजे अँटी-एचबीएसचं (लसीने तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचं) टायटर, म्हणजे रक्तातलं प्रमाण, १० च्या वर गेलं का, हा रकाना मी फार थोड्या रजिस्टरांत पाहिलाय. धडधाकट माणसांतही शंभरात पाच-दहा जणांना लस लागत नाही. ते कोण, हे सुई टोचण्याच्या आधी माहीत हवं.

प्रश्न, अनुभव, भांडणं, सगळ्यांचं स्वागत.

---

नाशिकचा_चिवडा

तो वैतागलेला मीच :) आईचं डायलिसिस चालू आहे. उत्तर पटलं. पण आता दुसरा प्रश्न. मध्यंतरी तिचा एचबीएसएजी 'वीकली पॉझिटिव्ह' (weakly, म्हणजे किंचित पॉझिटिव्ह) आला. युनिटमध्ये एकदम धावपळ, तिला कोपऱ्यातल्या वेगळ्या मशीनवर टाकलं, बाकीचे नातेवाईक आमच्याकडे बघेनात. महिन्याने परत केला तर निगेटिव्ह. लॅब म्हणते आमची चूक नाही, डॉक्टर म्हणतात होतं असं कधीकधी. असं 'होतं' म्हणजे काय?

सूक्ष्मजीव

@नाशिकचा_चिवडा, त्या तपासणीच्या आधी आईला हिपॅटायटीस बीची लस दिली होती का?

नाशिकचा_चिवडा

फाइल काढून बघितली. हो, त्याच आठवड्यात दुसरा डोस झाला होता. दोन्ही दंडांवर दिला होता.

सूक्ष्मजीव

मग कोडं बहुधा सुटलं. लसीत जे असतं तेच एचबीएसएजी. विषाणू नव्हे, फक्त त्याच्या अंगावरचं प्रथिन. डायलिसिसच्या पेशंटला डोस दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, आणि तोही चार वेळा (०, १, २ आणि ६ महिने). ते प्रथिन काही दिवस रक्तात फिरतं आणि संवेदनशील मशीन ते उचलतं. १८ दिवसांपर्यंत, क्वचित त्याहून थोडं जास्त सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून लसीनंतर चार आठवडे एचबीएसएजी करायचा नसतो. करावाच लागला तर आधी रक्त, मग लस. इथे लॅबही चुकली नाही. लसीची तारीख लॅबच्या फॉर्मवर पोचत नाही ही अडचण आहे. खात्रीसाठी डॉक्टरांना अँटी-एचबीसी (ही प्रतिपिंडं खऱ्या संसर्गानेच येतात, लसीने नाही) आणि हिपॅटायटीस बी डीएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) यांबद्दल विचारा.

शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी आईचं टायटर करून घ्या. डायलिसिसवर असताना ते दरवर्षी बघायचं आणि १० च्या खाली गेलं की बुस्टर. हा नियम तुमच्या-माझ्यासारख्यांना नाही. एकदा १० च्या वर गेलेल्या धडधाकट माणसाचं पुढे खाली आलं तरी चालतं, शरीराच्या आठवणीत ते असतं.

वॉर्ड_नं_७

स्टाफ नर्स आहे, पंधरा वर्षं झाली या कामात. 'लस लागली का' या ओळीवर शंभर वेळा +१. आमच्याकडे जॉइन होताना हात पुढे कर म्हणतात, टोचतात, सही घेतात, संपलं. माझं टायटर मी स्वतःच्या पैशाने केलं.

सुई टोचते कधी, तेही सांगते, कारण लेखात ते राहिलंय. इंजेक्शन देताना फारशी टोचत नाही. टोचते ती नंतर. टोपण परत लावताना, घाईत ट्रे उचलताना, गाऊनच्या खिशात कुणीतरी विसरलेली, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पिवळ्या पिशवीत टाकलेली. सुई पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. पिवळ्या पिशवीत गेली की ती टोचते मावशींना. त्यांना कुणाच्या रक्ताची हे कळायला मार्ग नाही, रिपोर्ट करायला तोंड नाही, कारण कंत्राटदार म्हणणार उद्यापासून येऊ नको. रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि सिस्टर असतात. मावशी-मामा नसतात.

दातपाडे

डेंटिस्ट आहे. आमच्या धंद्यात सुई, ड्रिल, लाळ, रक्त, सगळं एका वितभर जागेत. कॉलेजात असताना वरिष्ठांनी दम देऊन लस घ्यायला लावली होती. टायटर मात्र आजवर केलेलं नाही, हा धागा वाचून लॅबला फोन लावला.

आमची वैद्यकीय पिढी लसीशिवाय वाढली हे लक्षात घ्या. हिपॅटायटीस बीची लस बाळांच्या सरकारी लसीकरणात २००२ मध्ये काही ठिकाणी सुरू झाली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस आणेपर्यंत परदेशी लसीची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. म्हणजे आज चाळिशीतली नर्स, टेक्निशियन, डॉक्टर यांना लहानपणी लस मिळालेली असण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

कोकण्या

आमच्याकडे कावीळ उतरवणारे आहेत. हातावर चुना चोळतात, पाणी पिवळं होतं. गळ्यात माळ घालतात, ती लांबत जाते. तपासणी, उपचार, सगळं एका फेरीत. :)

दातपाडे

@कोकण्या, माळ लांबणारच, तिच्या गाठी तशाच मारलेल्या असतात. 'ए' किंवा 'ई'ची कावीळ आपोआप बरी होते, श्रेय माळेला. बी आणि सीचा माणूस मात्र बरं वाटलं म्हणून घरी बसतो आणि वीस वर्षांनी पोटात पाणी घेऊन येतो.

अनुस्वार

माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तुम्ही डायलिसिसचं लिहिलंत, ते वाचताना सगळं ओळखीचं वाटलं. आम्ही रक्तपेढीत नेहमी विचारतो, "नॅट टेस्टेड आहे का?" काही ठिकाणी असतं, काही ठिकाणी "साधी एलायझा चाचणी केलीय, पुरेसं आहे" म्हणतात. नॅट असलं की शंभर टक्के निर्धास्त का?

सूक्ष्मजीव

@अनुस्वार, नाही, पण पुष्कळ जास्त. आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, सिफिलिस आणि मलेरिया अशी तपासणी कायद्याने सक्तीची आहे. नॅट सक्तीचं नाही. नॅटने एचआयव्ही आणि सीचा आंधळा काळ (संसर्ग झालाय पण चाचणीत दिसत नाही तो) आठवडा-दीड आठवड्यावर येतो. बीचा विषाणू सुरुवातीला सावकाश वाढतो, त्यामुळे त्याचा आंधळा काळ नॅटनंतरही त्या दोघांपेक्षा लांब राहतो. मुलीचं टायटर चांगलं असेल तर बीची बाजू बरीचशी झाकली जाते. सीला लस नाही, तिथे मात्र सगळी भिस्त तपासणीवर. ठरावीक काळाने तिची सी आरएनए (सीचा विषाणू थेट शोधणारी चाचणी) करून घ्या, नुसती अँटिबॉडी नको.

एक चांगली बातमी सांगते, नाहीतर धागा फार काळवंडेल. सी आता बरा होतो. गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे, शंभरात पंचाण्णवहून जास्त लोक बरे. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. डायलिसिसच्या रुग्णांनाही ती देता येतात. म्हणूनच न सापडलेला सी बघितला की माझी चिडचिड होते.

टेम्सकाठची

लंडनमध्ये एका व्हायरॉलॉजी लॅबमध्ये आहे. रोज वाचते, आज लॉगिन केलं.

इथले नियम इतके कडक का, याला इतिहास आहे. १९६९-७० मध्ये एडिंबरा रॉयल इन्फर्मरीच्या डायलिसिस युनिटमध्ये हिपॅटायटीस बीची साथ पसरली. रुग्ण दगावले आणि त्यांच्याबरोबर रुग्णालयाचे कर्मचारीही. रक्त हाताळणारी लॅबची माणसंसुद्धा वाचली नाहीत. त्या आणि अशाच इतर साथींनंतर रोझेनहाइम समिती बसली, १९७२ मध्ये तिचा अहवाल आला, आणि युनिटमध्ये घेण्याआधी तपासणी, पुढे ठरावीक काळाने तपासणी, पॉझिटिव्ह रुग्ण वेगळे, ही घडी बसली. लस तेव्हा नव्हतीच. नुसत्या तपासणीने आणि शिस्तीने आकडे खाली आले.

अजून एक गोष्ट आमच्या लॅबमध्ये नव्या मुलांना मी आवर्जून सांगते. बारूच ब्लूमबर्ग यांनी हा विषाणू शोधला (१९७६ चं नोबेल), पण ते कावीळ शोधायला निघालेच नव्हते. माणसामाणसांतले आनुवंशिक फरक शोधत होते. वारंवार दुसऱ्यांचं रक्त चढवलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तरसाची एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्ताशी विचित्र प्रतिक्रिया आली, चाचणीत एक रेघ उमटली. त्या गोष्टीला नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन', म्हणजे आजचं एचबीएसएजी. कशाची, ते कळेना. मग १९६७ मध्ये त्यांच्याच लॅबमधली टेक्निशियन बार्बरा वर्नर आजारी पडली. तिने स्वतःचं रक्त तपासलं. आधी ते निगेटिव्ह होतं, आता त्यात तीच रेघ दिसली आणि पाठोपाठ तिला कावीळ झाली. त्या चाचणीने निदान झालेली ही पहिलीच हिपॅटायटीस म्हणतात.

आधीचं निगेटिव्ह माहीत होतं, म्हणून बदल कळला. @सूक्ष्मजीव, तुझा रजिस्टरचा मुद्दा हाच ना?

सूक्ष्मजीव

अगदी हाच. सुई टोचल्यावर त्याच दिवशी जे रक्त घेतो ते 'आज काही झालंय का' बघायला घेत नाहीच. आज काही दिसणारच नसतं. ते घेतो पुढच्या रिपोर्टशी ताडून बघायला, आणि संसर्ग कामामुळेच झाला हे कर्मचाऱ्याला पुढे सिद्ध करता यावं म्हणून.

नाशिकचा_चिवडा

बाबांच्या जुन्या रिपोर्टवर 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन : निगेटिव्ह' लिहिलंय. इतकी वर्षं वाटायचं टायपिस्टने काहीतरी घोळ घातला, बाबा कधी पनवेलच्या पलीकडे गेले नाहीत.

गप्पिष्ट

उलट बाजू मांडतो. डायलिसिस युनिटमध्ये 'सी पॉझिटिव्ह मशीन' वेगळं असतं. माझ्या मामांना सी निघाला, तर आधीच्या युनिटने "आमच्याकडे सीचं मशीन नाही" म्हणून सरळ हाकललं. चाळीस किलोमीटर लांब जावं लागतं. एवढी तपासणी करून शेवटी पेशंटला वाळीतच टाकायचं असेल तर लोक लपवणारच.

सूक्ष्मजीव

@गप्पिष्ट, मामांचं वाचून वाईट वाटलं. बी आणि सी इथे वेगळे धरायला हवेत. बीच्या रुग्णाला वेगळी खोली, वेगळं मशीन, त्या पाळीत शक्यतो वेगळा कर्मचारी, यावर जगभर एकमत आहे. कारण त्याच्या रक्तात विषाणूंची संख्या अफाट असते आणि तो पृष्ठभागावर टिकतो. सीबद्दल किडनीविकारांवरच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं (२०१८) म्हणतात की वेगळं मशीन लागत नाही. सी पसरतो तो हातमोजे न बदलल्याने, हेपॅरिनच्या एकाच बाटलीतून सगळ्यांना काढल्याने, दोन पाळ्यांमध्ये खुर्ची नीट न पुसल्याने.

वॉर्ड_नं_७

इथे मी मॅडमशी भांडणार. कागदावर बरोबर आहे. पण दोन पाळ्यांमध्ये वीस मिनिटं, एका टेक्निशियनकडे पाच-सहा मशीन, हातमोज्यांचा स्टॉक मोजून. तिथे "शिस्त पाळा, मशीन वेगळं नको" म्हणणं सोपं आहे. वेगळं मशीन हा आमच्यासारख्यांचा शेवटचा आडोसा असतो. आधी माणसं द्या, मग मशीन एक करा.

सूक्ष्मजीव

मान्य, पण अर्धंच. 'निगेटिव्ह' मशीनवर बसलेला प्रत्येक जण खरंच निगेटिव्ह असतो या भरवशावर तो आडोसा उभा आहे. नुसत्या अँटिबॉडीवर चाललेल्या युनिटमध्ये त्या बाजूलाही न सापडलेले सी असू शकतात, आणि तिथे तर हात अजूनच सैल पडतो. माणसं कमी आहेत, हे मात्र शंभर टक्के. आणि रुग्णाला हाकलणं कोणत्याच कागदात बसत नाही.

टेम्सकाठची

कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला तर काय, यावर कुणी बोललं नाही अजून. इथे हिपॅटायटीस बी असलेला सर्जन उपचार घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) २०० आययू प्रति मिलीच्या खाली ठेवत असेल आणि नियमित तपासणी करत असेल, तर शस्त्रक्रिया करू शकतो. वाट दिसते, म्हणून लोक तपासून घेतात.

वॉर्ड_नं_७

आणि आमच्याकडे? २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने एचआयव्ही असलेल्याला नोकरीवरून काढता येत नाही, निदान कागदावर. हिपॅटायटीस बीला तो कायदा लागू नाही. माझ्या एका मैत्रिणीला एका खाजगी ठिकाणी 'मेडिकली अनफिट' म्हणून घरी बसवलं. त्यानंतर त्या वॉर्डात किती जणींनी तपासणी टाळली असेल, हिशेब करा.

अनुस्वार

हे माहीतच नव्हतं. आम्ही पालक नेहमी आमच्याच बाजूने बघतो, की नर्सकडून मुलीला काही लागू नये.

दातपाडे

दोन्ही बाजू एकाच सुईच्या आहेत. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांमुळे बीची मोठी साथ झाली, पुष्कळ माणसं गेली. आणि २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळच्या साणंद भागातली एक महिला रक्तस्रावी तापाने दगावली, पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही. पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने) निदान केलं, क्रायमियन-काँगो तापाचं, भारतातलं पहिलं. कसला ताप आहे हे माहीत नसताना ती माणसं काम करत होती. म्हणून मी तर म्हणतो, रिपोर्ट काहीही असो, प्रत्येक पेशंट पॉझिटिव्ह समजूनच हातमोजे चढवायचे.

केमोवॉर्ड

धागा उशिरा वाचला, एक भर घालते. कॅन्सर आणि संधिवाताच्या पेशंटांत रितुक्सिमॅबसारखी औषधं सुरू करण्याआधी एचबीएसएजीबरोबर अँटी-एचबीसी बघाच. जुना, झोपलेला बी एचबीएसएजीत दिसत नाही. औषधाने प्रतिकारशक्ती दबली की उसळतो आणि यकृत बंद पाडतो. आधी कळलं तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोजची एक गोळी पुरते. ही तपासणी फॉर्मवर टिक करायची राहून जाते.

नाशिकचा_चिवडा

@सूक्ष्मजीव, एवढं सगळं झालंच आहे तर सुई टोचल्यावर काय करायचं ते एकदा सरळ लिहा ना. माझी बहीण फिजिओ आहे, तिला पाठवतो.

सूक्ष्मजीव

साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच ओतू नका. लगेच कळवा, ड्यूटी संपल्यावर नव्हे. एचआयव्हीची औषधं शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि पुढे २८ दिवस. टायटर १० च्या वर असल्याची नोंद असेल तर बीसाठी काहीच करावं लागत नाही. लस झालेली नसेल तर लस लगेच सुरू आणि स्रोत-रुग्ण (ज्याचं रक्त लागलं तो) पॉझिटिव्ह असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), जमल्यास २४ तासांत. सीसाठी प्रतिबंधक औषध नाही. तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए, मग चार-सहा महिन्यांनी अँटिबॉडी. आणि ज्याचं रक्त लागलं तो डायलिसिसचा किंवा केमोचा पेशंट असेल तर त्याचं सीचं कार्ड निगेटिव्ह आहे म्हणून सोडू नका, आरएनए मागा.

वॉर्ड_नं_७

आमच्या दोन मावशींचे दोन डोस झालेत, तिसरा वर्षभर राहिलाय. मेट्रनना सांगून यादीत नावं घातली. आता पहिल्यापासून सुरू करायचं का?

सूक्ष्मजीव

नाही, फक्त राहिलेला तिसरा द्या, आधीचे वाया जात नाहीत. त्यानंतर महिन्याने, फार तर दोन महिन्यांत, टायटर. लॅबला 'अँटी-एचबीएस, आकड्यात' असं स्पष्ट लिहून पाठवा, नाहीतर एचबीएसएजी करून निगेटिव्ह पाठवतील. १० च्या खाली आलं तर आणखी तीन डोस, पुन्हा टायटर. तरीही लागली नाही तर तसं त्यांच्या कार्डावर लाल शाईने लिहा. त्यांना सुई टोचली तर लसीवर वेळ घालवायचा नाही, थेट इम्युनोग्लोब्युलिन.